पावतीवरचे चिन्ह आणि दोन वर्षांची उमेदवारी

आपल्या पेढीच्या प्रत्येक पावतीवर आज रुपयाचे जे चिन्ह उमटते, ते केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालून, वर शिरोरेखा ठेवून केलेली ही रचना तीन हजारांहून अधिक आराखड्यांतून निवडली गेली. ती करणारे डी. उदयकुमार हे मुंबई आयआयटीतील ‘आयडीसी’ या अभिकल्प-केंद्राचे विद्यार्थी. वास्तुशास्त्राच्या पदवीनंतर त्यांनी तेथे दृश्य-संवादाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पुढे तमिळ अक्षररचनेवर पीएच.डी. केली.

हे सांगण्याचे कारण असे की, पदवी झालेली मुलगी वा मुलगा ‘मला आणखी दोन वर्षे डिझाइन शिकायचे आहे’ असे म्हणतो, तेव्हा व्यापारी घरांत प्रथम शांतता पसरते. मुलाला दुकानी बसायचे असते, मुलीचे स्थळ पाहायचे असते. आणि चित्रे काढून कोणाचा संसार चालला, हा प्रश्न आजोबांच्या ओठांवर असतोच. तो प्रश्न अनाठायी नाही. जो आपल्या घामाचा पैसा गुंतवतो, त्याने हिशेब विचारायचाच. मात्र त्या दोन वर्षांत नेमके काय घडते, हे जाणून मग तो मांडावा.

आयडीसीची स्थापना १९६९ सालची. तिचे आद्य प्रमुख प्रा. सुधाकर नाडकर्णी हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर जर्मनीतील उल्म येथे शिकलेले. येथील एम.डिझ. अभ्यासक्रमात व्याख्याने आहेत, पण त्याचा कणा म्हणजे प्रकल्प. विद्यार्थ्याने एक खरी अडचण निवडायची, ती सोसणाऱ्या माणसांना भेटायचे, कच्ची रेखाटने करायची, नमुना बनवून तो लोकांच्या हाती द्यायचा आणि त्यातील दोष पाहून पुन्हा आरंभ करायचा. या सर्व काळात मार्गदर्शक पाठीशी असतो. तो उत्तर सांगत नाही, ‘हे असेच का?’ एवढे विचारतो. तीस रेखाटने घेऊन गेलेला विद्यार्थी कित्येकदा एकच हातात घेऊन परततो. शेवटी परीक्षकांपुढे उभे राहून प्रत्येक निर्णयाचे कारण द्यावे लागते. ‘मला आवडले’ हे कारण तेथे चालत नाही.

जुन्या मुनिमाच्या हाताखाली ज्यांनी उमेदवारी केली, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. कापडाचा पोत बोटांना कळेपर्यंत ताग्यांना हात लावत राहायचे आणि चुकलेली बेरीज पुन्हा करायची, हेच ते शिक्षण होते.

म्हणूनच मार्गदर्शक कोण, याला इमारतीपेक्षा अधिक मोल आहे. प्रा. र. कृ. जोशी यांनी आधी जाहिरातक्षेत्रात दीर्घकाळ काम केले आणि मग ते आयडीसीत शिकवू लागले. आपल्या संगणकावरील ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांनीच रेखाटलेला. बाजारात काय टिकते हे स्वतः अनुभवलेला शिक्षक लाभणे, ही या शिक्षणाची खरी कमाई होय. आणि ती पुढेही वाहते: नाडकर्णींनी पुढे गुवाहाटी आयआयटीत अभिकल्प विभाग उभारला आणि उदयकुमार शिकवण्यासाठी गेले ते त्याच विभागात.

प्रवेशासाठी मुंबई आयआयटी ‘सीड’ ही परीक्षा घेते. ती देता आली म्हणजे प्रत्येक संस्थेत प्रवेशाचा हक्क मिळाला, असे नव्हे. पदवीविषयीच्या अटी संस्थेगणिक निराळ्या असतात. वाणिज्य शाखेच्या मुलांनी त्या आधी वाचाव्यात. गुळगुळीत माहितीपत्रके छापणाऱ्या खाजगी संस्था आता पुष्कळ झाल्या आहेत. तेथे पालकांनी स्वतः जावे आणि विचारावे: एका मार्गदर्शकाकडे विद्यार्थी किती? तो स्वतः व्यवसायात काम करतो का? परीक्षणाला बाहेरचे व्यावसायिक येतात का? मागील वर्षीचे प्रकल्प दाखवा म्हणावे; नुसती चित्रे नकोत, त्यांमागची टिपणे आणि फसलेले नमुनेही. ते दाखवायला जी संस्था कांकूं करते, तिचे शुल्क भरण्याची घाई करू नये.

शिकून आलेल्याने दुकान सोडलेच पाहिजे असेही नाही. आपल्याच मसाल्याच्या पाकिटावरील वजन आणि तारीख साठीच्या ग्राहकाला चष्म्याविना वाचता येत नाही. त्या मुलीला पहिले काम तेच द्यावे, आणि रीतसर मोबदला देऊन द्यावे.