परसात ट्रॅम्पोलिन घेताना

मे महिन्यात आणि चतुर्थीला मोरजीतली घरे भरतात. मुंबई-पुण्याहून, आखातातून आलेली नातवंडे दोन दिवस समुद्रावर जातात आणि तिसऱ्या दिवशी ‘आता काय करू?’ म्हणून आजीच्या मागे लागतात. त्यामुळे हल्ली परसात ट्रॅम्पोलिन घ्यावे का, घेतले तर कोणते, असे सभासद आम्हाला विचारू लागले आहेत. दुकानदार आधी आकार आणि किंमत सांगतो. आम्ही सुरुवात खाऱ्या वाऱ्यापासून करतो.

आपल्याकडे लोखंडाचे काय होते, हे खिडकीच्या गजांकडे पाहिले तरी कळते. ट्रॅम्पोलिन म्हणजे पाइपची चौकट, उड्या मारायचे कापड आणि त्या दोघांना जोडणाऱ्या पन्नास ते शंभर स्प्रिंगा. चौकटीला नुसता रंग नको, जस्ताचा मुलामा हवा, आणि तोही पाइपच्या आतून-बाहेरून. दुकानात पाइपच्या तोंडात डोकावून बघावे. जोडकामाच्या जागा बोटाने चाचपाव्यात, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले जस्त जळते आणि गंज तिथूनच सुरू होतो. स्प्रिंगांचे आकडे झिजतात, म्हणून सुट्या स्प्रिंगा मिळतील की नाही हे पैसे देण्याआधी विचारावे. न मिळणारे स्वस्त ट्रॅम्पोलिन दुसऱ्या वर्षी भंगारात जाते. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील कीथ अलेक्झांडर यांनी स्प्रिंगांऐवजी लवचीक दांड्या वापरणारा प्रकार काढला. तो महाग आहे, पण स्प्रिंगांत पाय अडकण्याची भीती त्यात राहत नाही.

कापड पॉलिप्रॉपिलीनचे असते. ते पावसाला दाद देत नाही, मात्र उन्हाने विरते, आणि आधी शिवण जाते. कडेच्या कड्या जोर लावून ओढून पाहाव्यात. जाळी स्प्रिंगांच्या बाहेरून असण्यापेक्षा आतून असलेली बरी, म्हणजे तोल गेलेले मूल स्प्रिंगांवर पडत नाही. घरगुती ट्रॅम्पोलिनसाठी युरोपचे ‘ईएन ७१-१४’ हे मानक आहे. पेटीवर तो उल्लेख असेल तर उत्तम.

तरीही सर्वांत मजबूत ट्रॅम्पोलिनवरसुद्धा हाड मोडते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली घरगुती वापराला सरळ विरोधच केला. त्यांच्या म्हणण्यानुसार सुमारे तीन-चतुर्थांश इजा एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात. कारण साधे आहे. जड माणूस उडाला की कापड वर उसळते आणि त्याच क्षणी खाली येणाऱ्या लहानग्याच्या पायावर तो सगळा जोर बसतो. गुडघ्याखालचे हाड मोडते ते असे. जाळीमुळे हे टळत नाही. म्हणून एका वेळी एकच मूल, आणि सहा वर्षांखालचे अजिबात नको. ‘धाकट्याला पण घे रे’ हे वाक्य आपल्या घरांत सहज निघते, पण इथे ते महागात पडते. कोलांटीही नको. जॉर्ज निसन यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत हे साधन बनवले ते कसरतपटूंसाठी, आणि कसरतपटू प्रशिक्षकाशिवाय कोलांटी घेत नाहीत. जवळ बसून लक्ष ठेवायला मोठे माणूस नसेल, तर आमच्या मते घेऊच नये.

आपल्यापैकी काही जण पर्यटकांना खोल्या देतात. त्यांनी विशेष जपावे. घरगुती ट्रॅम्पोलिन भाड्याच्या पाहुण्यांसाठी बनवलेले नसते आणि रात्री उशिरा त्यावर कोण चढेल हे आपल्या हातात नसते. वापर नसताना शिडी काढून घरात ठेवावी.

जागा निवडताना वर बघावे. माडाचे चुडत चार-पाच मीटर लांब असते आणि वाऱ्यात नारळ बुंध्याशीच पडेल असे नाही. पाडेली वेळेवर येतो म्हणून निर्धास्त राहू नये. माडाच्या सावलीत ट्रॅम्पोलिन ठेवायचेच नाही. चिऱ्यांचा गडगा, विहिरीचा कठडा, कपड्यांची दोरी यांपासून निदान दोन मीटर अंतर ठेवावे. किनाऱ्याजवळच्या वाड्यांवर जमीन रेताड, पाय एका बाजूने खचतात. प्रत्येक पायाखाली सपाट चिरा किंवा फळी द्यावी आणि चौकट पातळीत आहे ना ते बघावे.

आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने सगळे धुवावे. विहीर मचूळ असेल तर नळाचे पाणी घ्यावे, नाहीतर मिठावर मीठ चढते.

जाळी लावलेले ट्रॅम्पोलिन वाऱ्यात शिडासारखे वागते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने गोव्यात झाडे उन्मळून टाकली, तिथे पाइपच्या चौकटीचे काय. वादळाची सूचना आली की जाळी लगेच उतरवावी. मे अखेरीस, मृगाच्या आधी, पूर्ण सोडवून ठेवावे. कापड आणि जाळी कोरडी करून, गुंडाळून माळ्यावर, उंदरांपासून दूर. स्प्रिंगा मोजून, तेलाचा हात फिरवून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. चतुर्थीला पाऊस उघडला म्हणून मुले मागे लागतील, पण ओल्या कापडावर पाय घसरतो. दिवाळीपर्यंत डबा बंदच ठेवावा.