कलिंगडी जठर : उपचार एका बैठकीत संपत नाही

वारंवार रक्त चढवावे लागणारे काही रुग्ण आमच्या रुग्णालयात येत असतात. रक्त दिले की काही आठवडे बरे वाटते. पुन्हा हिमोग्लोबिन उतरते, धाप लागते. पोटदुखी नसते, रक्ताची उलटी नसते. शौचास काळे होते. परंतु लोहाच्या गोळ्यांनीही तसे होत असल्याने ती खूण नजरेआड होते. अशा काही रुग्णांच्या रक्तक्षयाचे कारण दुर्बिणीतून जठर पाहिल्यावरच कळते. या विकाराविषयी देणगीदारांना व हितचिंतकांना माहिती व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

या विकारात जठराच्या शेवटच्या भागातील अस्तरात सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात व त्यांतून रक्त झिरपत राहते. दुर्बिणीतून दिसणारे लाल पट्टे कलिंगडावरील पट्ट्यांसारखे भासतात. विकाराचे वर्णन १९५३ साली झाले; ‘कलिंगडी जठर’ हे नाव १९८४ पासून रूढ झाले. तो बहुधा उतारवयात, विशेषतः स्त्रियांत आढळतो. यकृताचा सिऱ्होसिस, स्क्लेरोडर्मा व मूत्रपिंडाचे जुने विकार असणाऱ्यांतही तो दिसतो.

यावरील प्रचलित उपचार म्हणजे आर्गॉन प्लाझ्मा कोॲग्युलेशन. दुर्बिणीच्या मार्गातून बारीक नळी सरकवून तिच्यातून आर्गॉन वायू सोडतात व त्यास विद्युतप्रवाह देतात. त्या योगे नळीचा स्पर्श न होता अस्तराचा वरचा थर शेकला जातो व फुगलेल्या वाहिन्या बंद होतात. पोट उघडावे लागत नाही. काही रुग्णांत त्याऐवजी रबरी कड्या बसवितात.

मात्र एका बैठकीत सर्व वाहिन्या बंद होत नाहीत. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात, आणि पुढेही विकार उलटू शकतो. खरी अडचण येथेच आहे. पहिल्या बैठकीनंतर बरे वाटू लागते. गावाहून येण्याचा खर्च व बुडणारा रोजगार डोळ्यांपुढे येतो आणि रुग्ण येईनासा होतो. पुढे तो येतो तो पुन्हा रक्ताची पिशवी लागते तेव्हाच. जमाखर्चाच्या दृष्टीनेही हे महागच पडते. शिवाय प्रत्येक पिशवीमागे एक रक्तदाता असतो.

राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, तसेच निर्धन रुग्ण निधीसाठी देयकांच्या २ टक्के रक्कम बाजूला काढावी लागते. हा आधार मोलाचा आहे. तथापि रुग्णाचे येणे-जाणे व बुडालेली मजुरी देयकात येत नाही.

म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे की, त्यांनी एका बैठकीचा नव्हे, तर एका रुग्णाच्या संपूर्ण उपचाराचा, प्रवासासह, भार उचलावा. आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगणे एवढेच, की बरे वाटले तरी दिलेली तारीख चुकवू नये.