रिसालीहून निघण्याआधी: मुलांसोबतच्या लांब प्रवासाबद्दलचे गैरसमज

उन्हाळ्याची सुट्टी लागली की रिसाली सेक्टरमधल्या मराठी घरांत नागपूर, अमरावती, पुण्याचे बेत सुरू होतात. भिलाई इस्पात कारखान्यातल्या नोकरीमुळे ही कुटुंबं इथली झाली, तरी आजोळ आणि सोयरिकी तिकडेच राहिल्या. आता दारात गाडी आहे. नागपूरपर्यंत सुमारे २७० किलोमीटरचा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि पुढे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, जो ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. चिवडा, थर्मास, पांघरुणं यांची तयारी आपण मन लावून करतो. पण मुलांच्या जिवाशी ज्याचा संबंध आहे, ते मात्र ऐकीव समजुतींवर सोडून देतो.

‘तान्हं बाळ आईच्या मांडीवरच सगळ्यात सुरक्षित.’

माया खरी आहे, पण हातांची ताकद अपुरी आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं बाळ सुमारे १४० किलोंच्या जोराने पुढे ओढलं जातं. एवढं वजन कोणत्याही आईला धरून ठेवता येणार नाही. दोघांभोवती मिळून एकच पट्टा लावणं तर त्याहून वाईट, कारण धडकेत आईचा सगळा भार बाळावर येतो. तान्ह्यासाठी मागच्या सीटवर, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवलेली बाळाची सीट हवी. एअरबॅग सुरू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीही लावू नये. मूल मोठं झालं तरी साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत त्याला बूस्टर सीट लागते. नाहीतर पट्टा मांडीऐवजी पोटावर आणि खांद्याऐवजी मानेवर येतो.

‘मागे बसणाऱ्यांना पट्टा कशाला?’

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पट्टा न लावलेला मोठा माणूस मागून पुढच्यावर आदळतो, म्हणजे पुढे बसलेल्यालाही धोका असतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट न लावता गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम गौण आहे, पण कायदा मुलांचा वेगळा विचार करतो, हे लक्षात घ्यायला हवं.

‘रात्री दोनला निघू, रस्ता मोकळा असतो आणि मुलंही झोपतात.’

मला सर्वांत जास्त भीती याच बेताची वाटते. मुलं झोपतात, पण नेमकं त्याच वेळी चालवणाऱ्याचं शरीरही झोप मागत असतं. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत झापड सर्वांत जोराची असते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची वेगमर्यादा आहे. त्या वेगाने चार सेकंद डोळा लागला, तर गाडी १३० मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. शिवाय तो रस्ता सरळ, सिग्नल नसलेला, त्यामुळे डुलकीला पोषकच. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं यांचा परिणाम काही मिनिटांपुरताच टिकतो. चहा-कॉफीचा अंमल चढायला अर्धा तास लागतो. खरा उपाय म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटं झोपणं. देवरी ते साकोली या टापूत रस्ता नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातून जातो, रात्री जनावरं आडवी येऊ शकतात. तेव्हा उजाडल्यावर निघा. पुण्याचं अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे, नागपुरात किंवा वाटेत एक मुक्काम करा आणि दर दोन तासांनी थांबा.

‘उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी.’

नेमकं उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याच्या कडा सतत वाकतात, तापतात आणि तो फुटतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर आकडा छापलेला असतो. टायर थंड असताना तेवढी हवा भरा, स्टेपनीतही.

‘गाडी लागते, म्हणून पोराला उपाशीच न्या.’

रिकाम्या पोटीही मळमळतं. कान सांगतो आपण हलतोय, डोळ्यांना दिसतो स्थिर मोबाइल, आणि या विसंगतीतून गाडी लागते. हलकं, बिनतेलकट खाऊ घाला, मोबाइल काढून घ्या, लांबवर पाहायला सांगा. औषध डॉक्टरांना विचारूनच द्या आणि निघण्याआधी द्या, उलटी सुरू झाल्यावर नव्हे.

‘पाच मिनिटांचं तर काम, काच थोडी उघडी आहे.’

बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढतं आणि फटीएवढ्या उघड्या काचेने त्यात फारसा फरक पडत नाही. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. विदर्भातल्या मे महिन्यात झोपलेल्या मुलालाही उचलून सोबत न्या.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठूनही ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या. आणि डिकी भरण्याआधी माणसं मोजा, मग पट्टे मोजा. पट्टे कमी पडत असतील, तर पाचांच्या गाडीत सात जण कोंबू नका. उरलेल्या दोघांचं दुर्गहून रेल्वेचं तिकीट काढा.