झाडू नव्हे, यंत्र! गालिचा धुण्याच्या धंद्याविषयी थोडे रोखठोक

गेल्या उन्हाळ्यात नगरच्या सावेडी भागातला एक तरुण आमच्याकडे आला. जय भीम झाला, चहा झाला. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला, एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली चार वर्षे काढलेली आणि दर अकरा महिन्यांनी गेटबाहेर काढले जाण्याला विटलेला. त्याला गालिचे, सोफे, गाद्या यंत्राने धुऊन देण्याचा धंदा काढायचा होता. यंत्राची माहिती त्याने आमच्यापेक्षा जास्त गोळा केली होती. अडचण होती घरातली. आई म्हणाली होती, "तुझ्या आज्यानं गाव झाडलं, मी पालिकेत खराटा धरला. तुला शिकवलं ते पुन्हा लोकांच्या घरातली घाण काढायला का?"

हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नाही. ज्या माऊलीने आयुष्यभर दुसऱ्याचा कचरा उचलला, तिला 'कोणतेही काम हलके नसते' हे ऐकवण्याचा अधिकार आम्हाला नाही. ते वाक्य बोलणारे बहुतेक जण स्वतः कधी झाडू धरत नाहीत, हे तिला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचे विधेयक आणले ते कशासाठी? गावाने केव्हाही हाक मारावी, वेळ ठरलेली नाही, मोबदला धड ठरलेला नाही आणि नाही म्हणण्याची सोय तर मुळीच नाही, या बंधनातून माणूस सोडवण्यासाठी. बाबासाहेबांचा राग कष्टावर नव्हता. जन्मावरून गळ्यात बांधलेल्या आणि नाकारता न येणाऱ्या कामावर होता.

म्हणून त्या तरुणाला आम्ही उलट विचारले : एखाद्या गिऱ्हाइकाने अपमान केला तर यंत्र उचलून तू परत येऊ शकशील का? भाव तू सांगणार की तो? तो म्हणाला, "भाव छापूनच नेणार." मग हा धंदा आहे, गावकी नव्हे, असे आमचे मत पडले. आईचे मत मात्र लगेच बदलले नाही, आणि तिला दोष कोण देईल?

तिच्या भीतीला आणखी एक कारण आहे आणि ते आमच्याच जिल्ह्यातले आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यात सोनईजवळ मेहतर समाजातील तीन तरुणांचे खून झाले. मागे कारण आंतरजातीय प्रेमाचे होते, पण त्यांना बोलावले होते ते शौचालयाची टाकी साफ करण्याच्या निमित्ताने. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २०१८ मध्ये या प्रकरणात सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. सफाईचे काम सांगून बोलावले की आपला माणूस निमूट जातो, हे मारेकऱ्यांना ठाऊक होते! तेव्हा या धंद्यातला पहिला नियम यंत्राचा नाहीच. अनोळखी पत्त्यावर एकट्याने जायचे नाही. काम लिहून घ्यायचे, पत्ता घरी देऊन निघायचे, सोबत एक जोडीदार ठेवायचा.

आता यंत्राकडे येऊ. यंत्राने धूळ ओढण्याची कल्पना नव्हे, तर तिचा धंदा कसा उभा राहिला, हे बघण्यासारखे आहे. ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०१ साली लंडनमध्ये धूळ ओढणारे यंत्र बनवले. ते एवढे मोठे होते की घोडागाडीवरून न्यावे लागे. गाडी रस्त्यात उभी राही आणि लांब नळ्या खिडकीतून घरात जात. बूथने सुरुवातीला यंत्र विकले नाही, सफाईची सेवा विकली. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेत अंथरलेले गालिचे त्याच्याच यंत्राने साफ झाले. आपल्याकडे १९८२ पासून युरेका फोर्ब्सच्या सेल्समननी दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर ओळखीचा केला. पण घरोघरी घेतलेली ती यंत्रे बहुतेक माळ्यावर पडून असतात. बूथचे शहाणपण इथे कामाला येते : गिऱ्हाइकाला यंत्र नको असते, स्वच्छ गालिचा हवा असतो.

गालिच्यातला बहुतेक मळ कोरडी माती असते. म्हणून पहिला खर्च दमदार व्यावसायिक व्हॅक्यूमवर करावा, ओले-कोरडे दोन्ही ओढणाऱ्या. कोरडी माती न काढता पाणी मारले की गालिच्यात चिखल होतो, आणि नवशिक्यांचे निम्मे काम इथेच बिघडते. दुसरे यंत्र फवारून ओढणारे. त्यात दोन टाक्या असतात. एका टाकीतले साबणपाणी पंपाने धाग्यात फवारले जाते आणि त्याच हत्याराच्या तोंडाने मळकट पाणी लगेच दुसऱ्या टाकीत ओढले जाते. सुरुवातीला आठ-दहा लिटरच्या टाकीचे पुरते, जिन्याने वर नेता येते. पन्नास लिटरचे यंत्र पाहून डोळे दिपतात, पण ते तिसऱ्या मजल्यावर नेणार कोण? हॉल आणि कार्यालयांची कामे मिळू लागल्यावर सतरा इंची फिरता ब्रश घ्यावा. पहिल्या दिवशी नाही.

विकणारा 'एवढे वॅट, तेवढे वॅट' सांगतो. आपला तरुण इलेक्ट्रिशियन, त्यामुळे त्याने बरोबर खूण धरली. जुन्या घरातला साधा प्लग पाच अँपिअरचा. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ११५० वॅट मिळतात. बाराशे-चौदाशे वॅटची मोटर त्यावर लावली की प्लग तापतो, फ्यूज जातो आणि गिऱ्हाईक म्हणते, यांनी आमची लाईट घालवली. म्हणून पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, हे फोनवरच विचारावे. तांब्याची तीन तारांची जाड वायर स्वतःची न्यावी आणि तिच्यावर तीस मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवावा. ओला गालिचा, ओले पाय आणि वीज एकत्र असताना इथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ. अर्थिंग नसलेल्या घरात काम करू नये, मग गिऱ्हाईक कितीही मोठे असो.

पाण्याचे दुखणे नगर जिल्ह्यात वेगळे. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात साबण फुटत नाही, आणि फवाऱ्याच्या बारीक छिद्रात पांढरे क्षार बसतात. शक्य तिथे नळाचे पाणी घ्यावे, आणि आठवड्यातून एकदा लिंबूफुलाचे पाणी यंत्रातून फिरवून मग स्वच्छ पाण्याने धुऊन काढावे. कपड्याची पावडर तर कधीच वापरू नये. तिचा चिकटा धाग्यात राहतो आणि धुतलेला गालिचा महिन्याभरात आधीपेक्षा काळा दिसतो. लोकरीला सौम्य साबण आणि कोमट पाणी, ब्लीच अजिबात नाही, कारण त्याने लोकर विरघळते. लोकर की नायलॉन हे कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा. लोकर जळताना केसांसारखा वास येतो आणि राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. रंगाची परीक्षा ओल्या पांढऱ्या फडक्याने, तीही कोपऱ्यात.

ही परीक्षा आमच्या तरुणाने पहिल्याच मोठ्या कामात टाळली. एका घरातला तागाच्या पाठीचा गालिचा त्याने जोरदार साबणाने भिजवला. दुसऱ्या दिवशी मधोमध तपकिरी डाग उठले. तागातला रंग ओल्या वाटेने वर आला होता. त्याने मजुरी घेतली नाही, वर पदरचे पैसे भरले. तेव्हापासून कागदावर गालिच्याची आधीची अवस्था लिहून गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय तो नळी जोडत नाही. वाळवण्याच्या बाबतीत मात्र आमचा पर्जन्यछायेचा जिल्हा धार्जिणा. एप्रिल-मे मध्ये पंख्याखाली काही तासांत काम होते. अकोल्याच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात असले काम घेऊच नये. चोवीस तासांत वाळला नाही तर कुबट वास ठरलेला.

पण नगरमध्ये गालिचे आहेत किती? खरे बोलायचे तर नुसत्या गालिच्यावर इथे चूल पेटणार नाही. आपल्या घरांत फरशी आणि शहाबादी. म्हणून सोफे, गाद्या, मोटारींच्या सीटा हे रोजचे काम, आणि गालिचा हे अधूनमधून. शिर्डीत लॉज-हॉटेलांची दाटी आहे, २०१७ पासून विमानतळही आहे. तिथे गर्दीचे दिवस सोडून कामे मिळतात. एमआयडीसीतली ऑफिसे आहेत. आणि ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही ते मंडप डेकोरेशनवाले! लग्नसराई संपली की लाल-हिरव्या चटयांचे ढीग त्यांच्या गोदामात पडतात, भाताची शिते आणि चिखलासकट. चातुर्मासात लग्ने थांबतात, तेव्हा हे काम घ्यावे. इथे फवाऱ्याचे नाजूक यंत्र लागत नाही, जोराच्या पाण्याचा पंप आणि वाळवायला मोकळी जागा लागते.

भांडवलाचे म्हणाल, तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या बीज भांडवल योजनेची रचना अशी की पाच टक्के आपले, वीस टक्के महामंडळाचे, पंचाहत्तर टक्के बँकेचे. समजा यंत्रे-साहित्य मिळून एक लाख वीस हजारांचे झाले. आपले सहा हजार, महामंडळाचे चोवीस हजार, बँकेचे नव्वद हजार. कागदावर सोपे आहे. घोडे अडते ते पंचाहत्तर टक्क्यांपाशी. आमच्या तरुणाला एका शाखेत विचारले गेले, "सफाईला कर्ज कशाला, पालिकेत भरती बघा ना." जात विचारली नाही, पण सांगितली मात्र! २०१६ साली आलेली स्टँड-अप इंडिया योजना दहा लाखांपासून सुरू होई. लाखाचे यंत्र मागणाऱ्याने त्या दारात जायचे कशाला? त्याने शेवटी दुसऱ्या बँकेतून मुद्राचे कर्ज काढले आणि फिरता ब्रश पुढच्या वर्षावर टाकला.

उद्यम नोंदणी मात्र त्याने पहिल्याच आठवड्यात केली. ती फुकट होते, दलालाला एक रुपया देऊ नये. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे बिल पंचेचाळीस दिवसांत चुकते करणे मोठ्या गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे. हे कलम बिलाच्या तळाशी छापले की हॉटेलवाल्याचा मॅनेजर जरा वेगळ्या नजरेने बघतो.

राहिला आडनावाचा प्रश्न. बाबासाहेब परदेशातून शिकून आल्यावर, १९१८ च्या सुमारास, त्यांनी शेअरबाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. पेढीचा मालक अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके तुटली आणि पेढी बंद पडली. शंभर वर्षांनंतर सावेडीतल्या दिवाणखान्यात "पाहुणे, गाव कुठलं? आडनाव काय?" हे आमच्या तरुणाला विचारले जातेच. एका घरी उत्तर ऐकल्यावर पाणी द्यायचे राहून गेले. त्याने सोफा धुतला, पैसे मोजून घेतले, आणि त्या घराचा पुढचा फोन आला तेव्हा तारीख मोकळी नाही म्हणून सांगितले.

आईचा होकार अजून पुरता मिळालेला नाही. पण पावतीपुस्तक तिने आपल्याकडे घेतले आहे. रात्री मुलगा आला की ती आधी वायर तपासायला लावते, मग पैसे मोजते, आणि उधारी राहिलेल्या हॉटेलचे नाव लाल पेनाने लिहून ठेवते.