गुडघ्यातलं सिमेंट

ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात, न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला, तेव्हा ती देशभर बातमी झाली. आज कुंभार पिंपळगावच्या बाजारात गुडघा बदलून आलेली आजी भाजीचा भाव करताना दिसली, तर कुणी वळूनही बघत नाही. तिच्या पायात धातू आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो धातू हाडात बसवायला बहुतेकदा सिमेंट लागतं आणि त्या सिमेंटात पुष्कळदा अँटिबायोटिकही असतं, हे खुद्द आजीलाही माहीत नसतं.

हे सिमेंट म्हणजे कवळीच्या हिरडीतलं ॲक्रिलिक. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी 1958 साली ते खुब्याच्या सांध्यात वापरलं. ऑपरेशन चालू असतानाच 40 ग्रॅम पावडरीत उग्र वासाचा द्रव ओतून घोटतात. आधी चिकट असणारा लगदा मळलेल्या कणकेसारखा होऊन हातमोज्याला चिकटेनासा झाला, की तीच वेळ साधायची. मग काही मिनिटांत तो टणक होतो, आणि होताना सणकून तापतो.

हॅम्बुर्गच्या हान्स-विल्हेल्म बुखहोल्त्स यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस या पावडरीतच औषध मिसळलं. धातूला रक्तवाहिन्या नसतात. त्यावर जंतूंनी एकदा बुळबुळीत थर धरला, की सलाइनमधून दिलेलं औषध त्यांच्यापुढे हतबल होतं. मग औषधच आधी तिथे नेऊन ठेवलं तर? पण ती उष्णता सोसणारी औषधं मोजकीच. जेंटामायसीन टिकलं, डोळ्यांच्या थेंबांत असतं, जनावरांच्या डॉक्टरांच्या पिशवीत असतं, तेच.

खरं नवल पुढे आहे. टणक सिमेंटातून औषध बाहेर येतं कसं? पृष्ठभागालगतचे कण शरीरातल्या ओलाव्यात विरघळतात. सुरुवातीच्या तासांत भसाभस, मग कितीतरी दिवस थोडं थोडं. सांध्यात त्याची मात्रा जबर, रक्तात मात्र नाममात्र. तरीही बहुतांश औषध कायमचं आतच कोंडून राहतं! जास्त घालावं तर सिमेंट कमकुवत होतं; म्हणून पहिल्या ऑपरेशनला 40 ग्रॅममागे साधारण अर्धा ते एक ग्रॅमच.

सरसकट सगळ्यांनाच ते वापरावं का, यावर सर्जन अजून वाद घालतात. जंतू औषधाला सरावतील ही धास्ती काही खोटी नाही. पण सांध्यात पू झालाच, तर पुष्कळदा तो बसवलेला सांधाच काढून कितीतरी जास्त औषध घातलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा बसवतात आणि जंतू गेल्यावर तोही काढतात. बुखहोल्त्स यांनी वापरलेलं पॅलाकॉस सिमेंट हरितद्रव्याने मुद्दाम हिरवं केलेलं असतं. काढताना हाड कुठलं नि सिमेंट कुठलं, ते सर्जनला चटकन कळतं.