आधी तू सोड! कॉम्प्युटरमधल्या कोंडीचे नऊ किस्से

एका प्रोग्रॅमने प्रिंटर धरून ठेवलाय आणि त्याला स्कॅनर हवाय. दुसऱ्याच्या हातात स्कॅनर आहे आणि तो प्रिंटरची वाट बघतोय. दोघंही नियमाने वागताहेत, चूक कोणाचीच नाही, तरी दोघं जन्मभर असेच बसून राहणार. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुनियेत याला ‘डेडलॉक’ म्हणतात. माघार कोणी घ्यायची, एवढाच काय तो प्रश्न. त्याला साठ वर्षांत मिळालेली उत्तरं मात्र एकाहून एक भन्नाट आहेत.

१. पेपरातला प्रश्न, ताटातली स्पॅगेटी
१९६५ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत एक प्रश्न घातला: टेप-यंत्रांसाठी कॉम्प्युटरांची चढाओढ लागली, तर वाटप कसं करायचं? टोनी होअर यांनी पुढे त्याला जेवणाच्या पंगतीत नेऊन बसवलं. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ, काटे पाचच, आणि स्पॅगेटी अशी अवघड की दोन काट्यांशिवाय तोंडात जाईना. पाचही जणांनी एकाच क्षणी डावीकडचा काटा उचलला की संपलं! उजवीकडचा काटा शेजाऱ्याच्या मुठीत. डोक्यात तत्त्वज्ञान, पोटात कावळे.

२. एक डावखुरा बसवा
उपाय अगदी सोपा. पाचांपैकी एकालाच सांगायचं, ‘बाबा रे, तू उजवा काटा आधी उचल.’ तेवढ्याने वर्तुळ मोडतं. आयबीएमच्या जे. डब्ल्यू. हॅवेंडर यांनी १९६८ मध्ये हीच युक्ती नियमात बसवली: प्रत्येक साधनाला क्रमांक द्या आणि सगळ्यांनी चढत्या क्रमानेच मागा. लिनक्सच्या कर्नलमध्ये लॉक घेताना असा ठरलेला क्रम आजही सांभाळावा लागतो. त्यावर ‘लॉकडेप’ नावाचा पहारेकरी २००६ पासून नेमलेला आहे. तो चालू असेल तर कोंडी प्रत्यक्षात झालेली नसतानाही ‘इथे कधी ना कधी होईल’ म्हणून बोंब मारतो.

३. उष्टा काटा धुऊन द्या
आयआयटी मद्रासचे के. मणी चंडी आणि आयआयटी कानपूरचे जयदेव मिश्रा यांनी अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये काम करताना १९८४ साली जो तोडगा छापला, तो आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटेल. जेवून झालं की काटा उष्टा. शेजाऱ्याने मागितला आणि काटा उष्टा असला, तर धुऊन मुकाट्याने द्यायचा. स्वच्छ असला, तर आपलं जेवण उरकेपर्यंत ठेवून घ्यायचा. नुकताच जेवलेला मागे सरतो, त्यामुळे उपाशी कोणीच राहत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी डाइक्स्ट्राही ऑस्टिनच्याच विद्यापीठात रुजू झाले.

४. चौघं जमले तरच
१९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या त्रयीने दाखवून दिलं, की कोंडी व्हायला चार गोष्टी एकदम जुळून याव्या लागतात. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातली न सोडता दुसरी मागता येते. कोणाकडून हिसकावून घेता येत नाही. आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. यातली एक जरी फोडली तरी काम फत्ते! कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या व्हायवात या चार अटी विचारल्या जातात आणि चौथी हटकून आठवत नाही.

५. तिजोरी भरलेली, तरी नकार
डाइक्स्ट्रांचा आणखी एक मानसपुत्र म्हणजे बँकर. ग्राहकाने आपली कमाल गरज आधीच सांगायची. समजा, भांडवल १० फ्लोरिन. पहिल्याची कमाल गरज ८, त्याने घेतले ४. दुसऱ्याची ७, त्याने घेतले २. शिल्लक ४. आता दुसरा म्हणतो, ‘एकच द्या.’ बँकर चक्क नाही म्हणतो. कारण तो एक दिला तर उरणार ३ आणि दोघांनाही अजून चार-चार लागू शकतात, म्हणजे दोघंही अडकायची भीती. हिशेब बिनतोड आहे, पण पुढे किती मेमरी लागेल हे बिचाऱ्या प्रोग्रॅमला आधी कुठून कळणार? म्हणून हा बँकर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये क्वचित आणि परीक्षेच्या पेपरात वारंवार भेटतो.

६. एक जास्तीचं पुरतं
तीन प्रोग्रॅम, प्रत्येकाला दोन टेप-यंत्रं हवीत. कोंडी कधीच होऊ नये म्हणून किती यंत्रं आणाल? सहा? चारच पुरे! वाईटात वाईट म्हणजे तिघांकडे एक-एक असेल. चौथं कोणाला तरी मिळेल, त्याचं काम होईल आणि तो दोन्ही परत करेल. मात्र तीनच आणलीत तर तिघं तीन यंत्रं धरून बसू शकतात. ‘गेट’ परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे गणित तोंडपाठ असतं.

७. बळी जाहीर करण्यात येत आहे
डेटाबेसमध्ये एवढा नाजूकपणा नसतो. मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर एरवी दर पाच सेकंदांनी कोंडी शोधतं आणि जो व्यवहार उलटवणं सगळ्यात स्वस्त, त्याला उडवतं. वर १२०५ क्रमांकाचा संदेश पाठवून कळवतं, की तुमची बळी म्हणून निवड झाली आहे, पुन्हा प्रयत्न करा! पोस्टग्रेस थोडं सबुरीचं. लॉकसाठी अडलेल्याला ते आधी एक सेकंद थांबू देतं. शोधमोहीम महाग पडते आणि बऱ्याच गाठी तेवढ्या वेळात आपोआप सुटतात.

८. मंगळावर साहेब खोळंबले
४ जुलै १९९७ रोजी नासाचं ‘पाथफाइंडर’ मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा कॉम्प्युटर मधूनच रीसेट व्हायला लागला. ही डेडलॉकची चुलतबहीण. हवामानाची नोंद घेणाऱ्या कनिष्ठ कामाने एक लॉक धरला होता, त्याच लॉकसाठी एक वरिष्ठ काम अडलं होतं आणि मधल्या पायरीवरची कामं कनिष्ठाला पुढे सरकूच देत नव्हती. वरिष्ठाचं काम वेळेत झालं नाही, की पहारा देणारी यंत्रणा सगळंच नव्याने सुरू करायची. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच घोळ घडवून आणला आणि एक सेटिंग बदलून पाठवलं: वरिष्ठ ज्याच्यासाठी अडलाय, त्या कनिष्ठाला तेवढ्यापुरती वरिष्ठाची खुर्ची द्या. घोळ मिटला.

९. डोकं वाळूत
आणि सगळ्यात लोकप्रिय उपाय? काहीच न करणं! अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या पाठ्यपुस्तकात त्याचं नाव आहे शहामृग अल्गोरिदम. विंडोज आणि युनिक्स दोन्ही बऱ्याच अंशी याच मार्गाने जातात. कोंडी क्वचित होते आणि ती टाळण्याचा खर्च मात्र क्षणोक्षणी सोसावा लागतो, म्हणून सौदा परवडतो. कोंडीत सापडलेल्या प्रोग्रॅमवर तुम्ही वैतागून ‘एंड टास्क’ दाबता, तेव्हा बळी निवडण्याचं काम सिस्टिमने तुमच्या गळ्यात घातलेलं असतं. सेव्ह न केलेली फाइल ही त्याची दक्षिणा.