कावळ्याचं घर वाहून गेलं, पण चिमणीचं का नाही?

शेणाच्या घरातला कावळा आणि मेणाच्या घरातली चिमणी ज्याच्या कानावर गेलेली नाही, असं पाच वर्षांचं मूल मराठी घरात सापडणं अवघड. बालवाडीतल्या बाई ही गोष्ट रंगवून सांगतात, टाळ्यांचा पाऊस पाडतात, बाकावर टकटक करून दार वाजवतात आणि शेवटी विचारतात, ‘कळली का गोष्ट?’ सगळा वर्ग हेल काढून ‘होऽऽ’ म्हणतो. त्या एकसुरी होकारात कुणाला काय कळलं, हे ओळखायचं कसं?

बालशिक्षणाचे अभ्यासक या प्रश्नाशी निदान पन्नास वर्षं झगडताहेत. बेळगावच्या सीमाभागात तो आणखी अवघड होतो.

कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगाव शहराच्या उत्तर अंगाला असलेली दोन गावं. मार्कंडेय नदीचा काठ, शेतं, आणि शहर पसरेल तशा उगवलेल्या नव्या वसाहती. घरात मराठी, सरकारी पाटीवर कन्नड आणि सकाळी दारात इंग्रजी शाळेची गाडी, असं इथलं नेहमीचं चित्र. एकाच गल्लीतलं एक मूल अंगणवाडीत जातं, दुसरं एलकेजीत, तिसरं सरकारी मराठी शाळेत. गोष्ट तिघांनाही हवी असते. पण ती कोणत्या भाषेत कानावर पडेल आणि तिच्यावरचा प्रश्न कोणत्या भाषेत येईल, याचा नेम नाही.

गोष्ट कळली म्हणजे नेमकं काय कळलं? 1970च्या दशकात अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी याचं उत्तर शोधायला गोष्टीचा सांगाडाच उलगडून पाहिला. 1977 साली जीन मँडलर आणि नॅन्सी जॉन्सन यांनी, आणि 1979 साली नॅन्सी स्टाइन आणि क्रिस्टीन ग्लेन यांनी, गोष्टीला वाक्यासारखंच व्याकरण असतं अशी मांडणी केली. भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट घेतली तर ही मांडणी लगेच ध्यानात येते. म्हातारी, तिची लेक आणि मधलं रान ही झाली पात्रं आणि जागा. रानात प्राणी आडवे येतात, तिथे गोष्टीला तोंड फुटतं. म्हातारी घाबरते, ही तिच्या मनातली हालचाल. ‘येताना जाडजूड होऊन येते, मग खा’ म्हणून वेळ मारून नेणं हा बेत. भोपळ्यात बसणं हा प्रयत्न, आणि पुढे जे घडतं तो परिणाम.

स्टाइन-ग्लेन यांच्या अभ्यासात मुलांना काय घडलं आणि त्याचं काय झालं हे चांगलं आठवत होतं. पात्राच्या मनात काय चाललं होतं, ते मात्र सांगताना सर्वांत जास्त गळत होतं. लहान मूल घटना पकडतं आणि मन सोडून देतं. म्हणून म्हातारी कशात बसली हे विचारणं आणि म्हातारी भोपळ्यात का बसली हे विचारणं यांत मोठं अंतर आहे. पहिल्याचं उत्तर कानाने ऐकलेलं असतं. दुसऱ्यासाठी प्राण्यांना काय दिसेल, काय वाटेल आणि ते कसे फसतील, एवढं सगळं त्या मुलाला मनात उभं करावं लागतं.

बालवर्गात प्रत्यक्ष काय होतं, ते काऊ-चिऊच्याच गोष्टीवरून पाहू. गोष्टीत कोण कोण होतं? ‘काऊ आणि चिऊ.’ चिऊचं पिल्लू बहुतेक वेळा राहून जातं. काय झालं? ‘पाऊस पडालता, मग कावळ्याचं घर गेलं की व्हाऊन!’ बेळगावी वळणाचं हे उत्तर पूर्ण गुणांचं आहे. एका वाक्यात घटना आली आणि परिणामही आला. पण चिमणीचं घर का नाही गेलं, असं विचारलं की वर्ग थबकतो. कुणी म्हणतं, ती शहाणी होती. कुणी म्हणतं, तिच्या घरावर पाऊस पडला नाही. शेण पाण्यात विरघळतं आणि मेण विरघळत नाही, हे गोष्टीत कुणी सांगत नाही. ते मुलाला बाहेरून आणावं लागतं. आणि ज्याने मेण कधी हातात धरलेलं नाही, त्याने ते कुठून आणायचं? इथे चुकलेलं मूल गोष्टीत कच्चं असतं असं नाही. त्याला पदार्थ ठाऊक नसतो, एवढंच.

पुढचा प्रश्न याहून बारकाईने पाहण्यासारखा आहे. चिमणीने दार लगेच का उघडलं नाही? एक मूल सांगतं, ‘बाळाला आंघोळ घालालती.’ दुसरं म्हणतं, ‘तिला तो आवडत नव्हता.’ उत्तरपत्रिका हातात धरून बसलेला मोठा माणूस पहिल्याला बरोबरची खूण करतो आणि दुसऱ्याला चूक देतो, कारण गोष्टीत आंघोळच आहे. वास्तविक दुसरं मूल पुढे गेलेलं आहे. चिमणी एकामागून एक सबबी सांगते आहे हे त्याने ओळखलं आणि सबबीमागचं मन वाचलं. नेमकं हेच कौशल्य तर तपासायचं असतं!

मोजमापाची साधनं तयार करणाऱ्यांनी हा भेद म्हणूनच जपला. 2003 साली अ‍ॅलिसन आणि स्कॉट पॅरिस यांनी पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, शब्द नसलेल्या चित्रपुस्तकांवर आधारलेली पद्धत मांडली. मूल आधी स्वतः पानं उलटतं, मग पुस्तक मिटून गोष्ट सांगतं आणि त्यानंतर त्याला दहा प्रश्न विचारतात. पाच प्रश्नांची उत्तरं चित्रांत दिसतात: पात्रं, जागा, सुरुवात, अडचण, शेवट. उरलेली पाच ताडावी लागतात: कुणाला काय वाटलं, असं का झालं, हा काय बोलला असेल, पुढे काय होईल, यातून काय कळलं. वाचता न येणाऱ्या मुलाचीही गोष्टीची समज नीट जोखता येते, हे या कामाने दाखवलं. अक्षरओळख आणि समज यांची गल्लत करण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की हा निष्कर्ष प्रत्येक बालवाडीत पोचायला हवा.

सीमाभागाच्या जास्त कामाचं साधन जर्मनीतून आलं आहे. 2012 साली बर्लिनमधल्या भाषाविज्ञान संस्थेतून नतालिया गागारिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन भाषांत वाढणाऱ्या, तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी एक चाचणी सिद्ध केली. ‘मेन’ हे तिचं संक्षिप्त नाव. प्रत्येक गोष्टीची सहा चित्रं असतात. मुलापुढे तीन पाकिटं ठेवतात आणि त्यातलं एक निवडायला सांगतात. तिन्ही पाकिटांत गोष्ट एकच असते, पण मुलाला वाटतं, आपण निवडलेली गोष्ट समोरच्या ताईला ठाऊकच नाही. ताई चित्रं दिसणार नाहीत अशी समोर बसते. त्यामुळे ‘हा बघ, याने त्याला धरलं’ एवढं म्हणून बोट दाखवून भागत नाही. हा कोण, तो कोण, कशासाठी धरलं, सगळं शब्दांत सांगावं लागतं.

या छोट्याशा युक्तीत मोठं शहाणपण आहे. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे अशा माणसाला मूल कशाला सांगेल? बाईंनी आत्ताच सांगितलेली गोष्ट बाईच परत विचारतात, हे पाच वर्षांच्या जिवाला विचित्रच वाटतं. कित्येकदा त्याची चुप्पी हे अज्ञान नसून त्या विचित्रपणाला दिलेलं उत्तर असतं.

ही चाचणी दोन्ही भाषांत वेगवेगळी घेतात, आणि त्यातून सामान्यतः दिसतं ते असं: शब्दसंग्रह आणि वाक्यरचना भाषेप्रमाणे कमीजास्त होते, पण गोष्टीचा सांगाडा मूल एका भाषेतून दुसरीत बरंचसं घेऊन जातं. म्हणजे कंग्राळीतल्या मराठी घरातलं मूल कन्नड बोलणाऱ्या ताईंपुढे दोन शब्दांवर अडलं, तर त्याला गोष्ट कळत नाही असा शेरा मारणं अन्याय आहे. तीच गोष्ट आजीपुढे सांगायला लावली तर ते ती पाऊस, वारा आणि दाराच्या आवाजासकट सांगेल. उलट बाजूही तितकीच खरी. कन्नड घरातलं मूल मराठी वर्गात गप्प बसलं तर त्यालाही हाच न्याय लावायला हवा.

दोन्हीकडची शिदोरी तर जवळपास एकच आहे. मराठी मुलाचे काऊ-चिऊ कन्नड घरात कागक्का आणि गुब्बक्का होतात. इथला कावळा तिथे अक्का असतो, एवढा फरक. घरोघरचा शेवटही निराळा. कुठे कावळा चुलीपाशी भाजतो, कुठे चिमणी त्याला सुखाने आत घेते. ए. के. रामानुजन यांनी 1950च्या दशकात बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि या भागातल्या कन्नड लोककथा गोळा केल्या. लोककथा सांगणाऱ्यागणिक बदलते, हे त्यांनी आयुष्यभर दाखवून दिलं. तपासणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर आजीचा शेवट सांगणारं मूल नापास ठरतं. म्हणून ओळखीची गोष्ट तपासणीला घ्यायची असेल तर मुलाला घरी कोणता शेवट ऐकवलाय, ते आधी विचारावं. नाहीतर सरळ अनोळखी चित्रगोष्ट घ्यावी.

या वयात परीक्षा नको, हे सरकारी कागदावरही आलेलं आहे. ऑक्टोबर 2022मध्ये जाहीर झालेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा विचार करतो. ऐकलेल्या गोष्टीतली पात्रं आणि कथानक ओळखता येणं, स्वतः छोटी गोष्ट सांगता येणं, या क्षमता त्यात नोंदलेल्या आहेत. तपासायचं कसं, तर निरीक्षणातून आणि मुलांनी केलेल्या कामातून, असं तो म्हणतो. दिशा योग्य आहे. अडचण आहे ती निरीक्षणाला लागणाऱ्या वेळेची. अंगणवाडी सेविकेच्या हातात पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाच्या नोंदी, गृहभेटी आणि 2021पासून पोषण ट्रॅकर अ‍ॅपही आहे. वीस मुलांपैकी एकाला बाजूला घेऊन पाच मिनिटं त्याची गोष्ट ऐकायची, ही तिच्या दिवसातली सर्वांत महागडी पाच मिनिटं ठरतात. ती तिला मिळवून देणं हे पर्यवेक्षकांचं काम आहे. ‘वेळ काढा’ असं सांगून ते होत नाही.

गोष्टीला शिक्षणाच्या मध्यावर बसवण्याचा वारसा आपल्याकडे जुना आहे. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढलं. 1932 सालच्या ‘दिवास्वप्न’मधला त्यांचा शिक्षक वर्गाची सुरुवातच गोष्टींनी करतो आणि ‘अभ्यास कधी?’ म्हणणाऱ्यांना तोंड देतो. ताराबाई मोडक 1923 साली गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. पुढे 1945 साली बोर्डीला आणि 1957पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या पाड्यापर्यंत शाळा नेली. मूल जिथे मोकळं बोलतं तिथे आपण जायचं, हा त्यांचा आग्रह मूल्यमापनालाही लागू पडतो.

आज वर्गात काय घडतं, याचं चित्र ‘लिरिल’ या अभ्यासात दिसतं. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड आणि महाराष्ट्रातल्या वाड्यामध्ये मराठी शिकणारी पहिली ते तिसरीची मुलं काही वर्षं सातत्याने पाहिली आणि 2017 साली अहवाल मांडला. दोन्ही राज्यांत भर अक्षरं आणि बाराखडी घोटण्यावर होता. अर्थाशी खेळणं, गोष्टीवर बोलणं मागे पडलेलं होतं. पहिलीत हे असं असेल तर त्याआधीच्या वर्षातली तोंडी गोष्ट किती मोलाची, हे वेगळं सांगायला नको.

कंग्राळीतल्या एखाद्या ताईने उद्यापासून सुरुवात करायची म्हटली तर खर्च जवळजवळ शून्य आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर 2015पासून मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतली चित्रपुस्तकं फुकट मिळतात. एका आठवड्यात दोन-तीनच मुलं घ्यावीत. चित्रं मुलाच्या हातात द्यावीत, आपण समोर बसावं आणि ‘मला ठाऊक नाही, तू सांग’ म्हणावं. मूल थांबलं तर ‘मग?’ एवढंच विचारावं. नाव सुचवू नये, वाक्य पूर्ण करून देऊ नये. बोलायला लाजणाऱ्या मुलापुढे चिखलाची किंवा कागदाची चार पात्रं ठेवावीत आणि ते काय करतं ते पाहावं. हाताने गोष्ट मांडता आली तर तीही समजच. लेस्ली मॉरो यांनी 1985 साली बालवर्गातल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, ऐकलेली गोष्ट वारंवार परत सांगणाऱ्या मुलांची समजही वाढली. तपासणीच शिकवणी होते, याहून चांगलं काय हवं!

वहीत गुण लिहू नयेत. मुलाचं एखादं वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत उतरवावं, तारीख घालावी आणि ते कोणत्या भाषेत बोललं याची खूण करावी. जूनमध्ये मूल पहिलीत जाईल तेव्हा लसीच्या कार्डाबरोबर अशी तीन-चार वाक्यंही पुढच्या बाईंच्या हाती पडली, तर त्यांना पहिल्याच दिवशी कळेल की हे मूल कन्नडमध्ये अजून दोन शब्दांवर अडतं, पण म्हातारी भोपळ्यात का बसली, हे मराठीत कारणासकट सांगतं.